बोईसरच्या फ्लॅटचा ‘चालू भाव’ खरा की फुगवलेला? आजूबाजूच्या व्यवहारांवरून किंमत अशी काढतात

बोईसर पश्चिमेला स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर वन बीएचके फ्लॅट. किंमत २९ लाख. एजंट सांगतो, “इथे आता हाच भाव चालू आहे. बुलेट ट्रेन आली की दुप्पट होईल.” मुंबईत नोकरी करणारं, भाड्याच्या उत्पन्नासाठी दुसरं घर शोधणारं एखादं कुटुंब हे ऐकतं, प्रॉपर्टी पोर्टलवर दोन-चार जाहिराती बघतं, तिथेही साधारण तेवढाच आकडा दिसतो आणि टोकन दिलं जातं.

अडचण पुढे येते. बँकेचा मूल्यांकनकार येऊन फ्लॅट बघतो आणि किंमत साडेचोवीस लाख लावतो. कर्ज २९ लाखांवर नाही, तर साडेचोवीस लाखांवर मिळतं. बँक ८० टक्के देते असं धरलं, तर २३ लाख २० हजारांऐवजी हातात १९ लाख ६० हजारच येतात. मधले ३ लाख ६० हजार स्वतःच्या खिशातून उभे करायचे, किंवा टोकनवर पाणी सोडायचं.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण यातला प्रश्न खरा आहे. ‘चालू भाव’ ठरतो कसा? आणि तो खरा आहे की नाही, हे पैसे देण्याआधी सामान्य माणसाला तपासता येतं का?

येतं. त्यासाठी मूल्यांकनकार, बँका आणि न्यायालयंही जी पद्धत वापरतात, तिला तुलनात्मक विक्री पद्धत म्हणतात.

ही पद्धत नेमकी काय आहे?

कल्पना अगदी सोपी आहे. एखाद्या मालमत्तेची किंमत म्हणजे तिच्यासारखीच मालमत्ता, जवळपास, अलीकडच्या काळात, कोणत्याही जबरदस्तीशिवाय जितक्याला प्रत्यक्षात विकली गेली ती किंमत.

यातला ‘विकली गेली’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पोर्टलवर दिसते ती मालकाची अपेक्षा असते. तीच जाहिरात सहा-सहा महिने तिथे असेल, तर त्याचा अर्थ त्या किमतीला कोणी घेत नाही, एवढाच होतो. त्यामुळे जाहिरातींची सरासरी काढून बाजारभाव मिळत नाही.

दोन मालमत्ता कधीच हुबेहूब सारख्या नसतात. म्हणून विकल्या गेलेल्या मालमत्तेत आणि आपण बघतोय त्या मालमत्तेत काय फरक आहे ते मोजून किमतीत बेरीज-वजाबाकी करायची. या पद्धतीतलं खरं काम तेच आहे.

पालघर-बोईसरमध्ये हे काम किचकट का होतं?

पालघर आणि बोईसर या दोन स्टेशनांच्या मध्ये उमरोळी हे एकच स्टेशन आहे. तरीही दोन्हीकडे घराची मागणी वेगवेगळ्या कारणांनी येते.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला आणि पालघर शहर जिल्ह्याचं मुख्यालय बनलं. सिडकोने कोळगाव इथे उभारलेलं जिल्हा मुख्यालय संकुल २०२१ मध्ये सुरू झालं. सरकारी नोकरदार, वकील, न्यायालय-कचेरीच्या कामाशी जोडलेले लोक आणि रोज मुंबईकडे जाणारे प्रवासी ही इथली मागणी.

बोईसरची मागणी तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांमधून येते. शिवाय १९६९ मध्ये सुरू झालेलं तारापूर अणुऊर्जा केंद्र जवळ आहे. एमआयडीसीतला कामगार भाड्याचं घर शोधताना मुंबईची लोकल किती वाजता आहे यापेक्षा कंपनी किती लांब आहे हे आधी बघतो.

२०१३ मध्ये विरारपुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाल्यावर दोन्ही शहरं मुंबईच्या उपनगरी नकाशावर आली. पण त्यामुळे त्यांचा भाव एक झाला नाही. पालघरमधल्या विक्रीवरून बोईसरची किंमत काढणं चुकीचं ठरू शकतं, आणि बोईसर पश्चिमेवरून पूर्वेची काढणंही.

आणखी एक घोळ पत्त्याचा आहे. जाहिरातीत सगळं ‘बोईसर’ असतं. महसुली नोंदीत मात्र तीच इमारत सरावली, पास्थळ किंवा बेटेगाव अशा वेगळ्या गावात असू शकते. सरकारी दर आणि दस्तांची नोंद महसुली गावाप्रमाणे असते. त्यामुळे शोध सुरू करण्याआधी मिळकत कोणत्या गावात आणि कोणत्या सर्व्हे किंवा गट क्रमांकावर आहे, हे सातबाऱ्यावरून किंवा जुन्या करारावरून बघून घ्यावं लागतं.

खऱ्या व्यवहारांच्या किमती कुठे सापडतात?

महाराष्ट्रात खरेदीखत किंवा विक्री करार नोंदवला की त्याची सूची क्रमांक दोन, म्हणजे बोलीभाषेतली ‘इंडेक्स टू’, तयार होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरच्या ‘ई-सर्च’ सुविधेत जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून ती विनाशुल्क बघता येते.

या एका पानावर बरंच काही असतं. दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, मिळकतीचं वर्णन, क्षेत्रफळ, दस्त केल्याची आणि नोंदवल्याची तारीख.

इथे बरेच जण फसतात, कारण ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन आकडे दिसतात. मोबदला म्हणजे खरेदीदाराने विकणाऱ्याला दिलेली, दस्तात लिहिलेली रक्कम. आपल्याला तुलनेसाठी हवी असते ती हीच. ‘बाजारभाव’ या रकान्यात असतं ते सरकारी दर तक्त्याप्रमाणे, म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे काढलेलं मूल्य. नावात बाजारभाव असला तरी तो बाजारात ठरलेला नसतो.

मग रेडी रेकनरचा उपयोग काय?

रेडी रेकनर हे मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी बनवलेलं वार्षिक कोष्टक आहे. मोबदला आणि रेडी रेकनरचं मूल्य यांतलं जे जास्त असेल त्यावर मुद्रांक शुल्क लागतं.

या कोष्टकात एका विभागातल्या सगळ्या इमारतींना साधारण एकच दर असतो. समोर नाला आहे का, पाण्याचा टँकर रोज मागवावा लागतो का, सोसायटीत भांडणं आहेत का, हे त्याला कळत नाही. मुद्रांक शुल्कासाठी ठेवलेल्या मूल्य नोंदवहीवरून जमिनीचा बाजारभाव ठरवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जवाजी नागनाथम प्रकरणात म्हटलं होतं. ते प्रकरण आंध्र प्रदेशातल्या आदिलाबादच्या भूसंपादनाचं होतं.

तरीही रेडी रेकनरकडे दुर्लक्ष करता येत नाही. व्यवहाराची किंमत त्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी असेल, तर प्राप्तिकरात तो फरक विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्याही हिशेबात येऊ शकतो. म्हणजे मंदीत स्वस्तात घर मिळालं तरी कराचा हिशेब आधी करावा लागतो.

कोणते व्यवहार तुलनेला घ्यायचे?

ई-सर्चमध्ये वीस-पंचवीस नोंदी सापडतील. सगळ्या उपयोगाच्या नसतात. निवड करताना पुढच्या गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, काळ. शक्यतो गेल्या ६ ते १२ महिन्यांतले व्यवहार घ्यावेत. नव्या इमारतीत करार आज नोंदवला असला तरी किंमत बुकिंगच्या वेळी, कदाचित वर्षभरापूर्वी, ठरलेली असू शकते.

दुसरी, प्रकार. बिल्डरकडून घेतलेला नवा फ्लॅट आणि दहा वर्षं जुना रिसेल फ्लॅट या वेगळ्या वस्तू आहेत. बांधकाम सुरू असलेल्या घरावर कराराच्या किमतीखेरीज जीएसटी लागतो, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर लागत नाही. रिसेलची तुलना रिसेलशीच करावी.

तिसरी, क्षेत्रफळ. एका दस्तात कार्पेट, दुसऱ्यात बिल्टअप आणि एजंटच्या तोंडी सुपर बिल्टअप असेल, तर प्रति चौरस फूट दराची तुलना निरर्थक ठरते. सगळे आकडे रेराच्या व्याख्येतल्या कार्पेट क्षेत्रावर आणावेत. त्यात आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. दस्तात चौरस मीटर असेल तर १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतात.

चौथी, कागद. बोईसर अनेक वर्षं ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली वाढत गेलं. अशा ठिकाणी बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र असलेली इमारत आणि यातलं काहीतरी नसलेली इमारत शेजारी-शेजारी उभ्या असू शकतात. दुसरीतला फ्लॅट स्वस्त असतो, कारण त्यावर कर्ज मिळायला त्रास होतो. त्यांची एकमेकींशी तुलना करू नये.

पाचवी, व्यवहाराचा खरेपणा. भाऊ-भावात झालेली विक्री, बँकेने लिलावात विकलेलं घर किंवा घाईत विकून गावी गेलेला मालक, यांच्या किमती बाजार दाखवत नाहीत. मोबदला रेडी रेकनरच्या मूल्याशी अगदी तंतोतंत जुळत असेल, तर काही रक्कम रोखीत दिली गेली असण्याची शंका घ्यायला जागा असते. असा व्यवहार यादीतून काढलेला बरा.

प्रत्यक्ष हिशेब कसा करायचा?

सुरुवातीच्याच उदाहरणाकडे जाऊ. पुढचे सगळे आकडे फक्त पद्धत समजण्यासाठी घेतले आहेत. ते बोईसरचे प्रत्यक्ष दर नाहीत.

आपला फ्लॅट: ४०० चौरस फूट कार्पेट, दुसरा मजला, लिफ्ट नाही, इमारत १० वर्षं जुनी. मागणी २९ लाख, म्हणजे चौरस फुटाला ७,२५० रुपये.

तीन रिसेल व्यवहार सापडले:

- व्यवहार अ: त्याच संकुलात, ४०० चौरस फूट, चौथा मजला, लिफ्ट नाही, चार महिन्यांपूर्वी २४ लाखांना. दर ६,००० रुपये.
- व्यवहार ब: जवळच्या, ५ वर्षं जुन्या, लिफ्ट असलेल्या इमारतीत, ४२० चौरस फूट, तीन महिन्यांपूर्वी २८ लाख ५६ हजारांना. दर ६,८०० रुपये.
- व्यवहार क: स्टेशनपासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर, तशाच जुन्या इमारतीत, ३८० चौरस फूट, वर्षभरापूर्वी १९ लाख ७६ हजारांना. दर ५,२०० रुपये.

आता फेरफार. नियम एकच आहे. विकलेला फ्लॅट आपल्यापेक्षा चांगला असेल तर त्याच्या दरातून वजा करायचं, कमी असेल तर त्यात मिळवायचं. बदल नेहमी विकलेल्या फ्लॅटच्या दरात करायचा, आपल्या नाही.

‘अ’ मध्ये लिफ्टशिवाय चौथा मजला चढावा लागतो, आपला दुसरा आहे. म्हणून ३ टक्के मिळवले, दर ६,१८० झाला. ‘ब’ ला लिफ्ट आहे आणि इमारत नवी आहे. म्हणून १० टक्के वजा केले, दर ६,१२० झाला. ‘क’ लांब आहे, म्हणून १२ टक्के, आणि व्यवहार जुना आहे, म्हणून ५ टक्के, असे १७ टक्के मिळवले. दर ६,०८४ झाला.

तिन्ही आकडे ६,०८४ ते ६,१८० च्या पट्ट्यात आले. ४०० ने गुणलं तर २४ लाख ३४ हजार ते २४ लाख ७२ हजार. ‘अ’ मध्ये सगळ्यात कमी फेरफार करावा लागला, म्हणून त्याच्यावर जास्त भर द्यायचा. मागितलेले २९ लाख आणि या पट्ट्यात सव्वाचार लाखांहून जास्त अंतर आहे. वाटाघाटीला बसताना हा हिशेब हातात असला की ‘चालू भाव’ कोणत्या विक्रीवरून आला, असं थेट विचारता येतं.

हे ३, १० किंवा १२ टक्के आणायचे कुठून? मनाने ठरवले तर हवं ते उत्तर काढता येतं. ते जोड्या लावून शोधावे लागतात. एकाच इमारतीत, एकाच सुमारास दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरचे फ्लॅट विकले गेले असतील, तर त्यांच्या दरातला फरक ही मजल्याची किंमत. अशा जोड्या लिफ्टसाठी, अंतरासाठी आणि काळासाठीही शोधता येतात. एखाद्या व्यवहारात एकूण फेरफार २०-२५ टक्क्यांच्या पुढे जायला लागला, तर तो तुलनेचा व्यवहारच नाही असं समजून सोडून द्यावा.

तारापूर परिसरात एक मुद्दा विसरून चालत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांच्या यादीत होतं. कारखान्यांच्या जवळची इमारत आणि त्यांच्यापासून लांबची इमारत यांत फरक पडतो. तो कागदावर दिसत नाही. रात्री किंवा पहाटे तिथे एकदा जाऊन आलं, तर वासावरून कळतो.

भाड्याचा हिशेब का जोडायचा?

गुंतवणुकीचं घर असेल तर दुसरी पडताळणी भाड्याची. समजा या फ्लॅटला महिना ८,००० रुपये भाडं येतं. वर्षाचे ९६,००० झाले. त्यातून सोसायटीचे महिना १,५०० प्रमाणे १८,०००, एक महिना घर रिकामं राहिलं त्याचे ८,००० आणि घरपट्टी-दुरुस्तीचे ६,००० वजा केले तर ६४,००० उरतात.

साडेचोवीस लाखांवर हा परतावा २.६ टक्के होतो आणि २९ लाखांवर २.२ टक्के. परतावा इतका कमी असेल, तर खरी गुंतवणूक भाड्यावर नसून पुढे भाव वाढेल या आशेवर आहे, हे खरेदीदाराला कळलं पाहिजे. भाड्याचा आकडाही एजंटच्या तोंडचा घेऊ नये. त्याच संकुलातल्या तीन-चार भाडेकरूंना किंवा वॉचमनला विचारलं तरी खरा आकडा कळतो.

जमीन असेल तर पद्धत बदलते का?

पद्धत तीच राहते, पण काळजी जास्त घ्यावी लागते. पुण्यातल्या एका भूसंपादनावरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या चिमणलाल हरगोविंददास प्रकरणाचा १९८८ चा निकाल यासाठी आजही वाचला जातो. लहान आकार, रस्त्याची जवळीक, रस्त्याकडचा दर्शनी भाग आणि नियमित आकार हे किंमत वाढवणारे घटक. मोठं क्षेत्र, आतली बाजू, अरुंद पट्टी आणि भराव घालावा लागेल अशी सखल जागा हे कमी करणारे, अशी यादीच न्यायालयाने दिली. लहान प्लॉटच्या दरावरून मोठ्या जमिनीची किंमत काढताना रस्ते आणि मोकळ्या जागांसाठी साधारण २० ते ५० टक्के वजावट करावी, असंही सांगितलं.

म्हणजे मनोर रस्त्यावरच्या दोन गुंठ्यांच्या प्लॉटचा दर घेऊन आतल्या दोन एकरांना गुणणं बरोबर नाही.

पालघर जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ ची बंधनं आहेत. त्यामुळे अशा जमिनीचे व्यवहार तुलनेला चालत नाहीत, आणि शेजारच्या मोकळ्या जमिनीचा दरही तिला लावता येत नाही. एमआयडीसीतला प्लॉट मालकीचा नसून भाडेपट्ट्यावर असतो. त्याच्या हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं. त्याची तुलना दुसऱ्या एमआयडीसी प्लॉटशीच, किती वर्षं उरली आहेत ते बघून करावी लागते.

कमी किंमत दाखवल्याचा फटका कुणाला बसतो?

२०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २६ मध्ये भरपाई ठरवताना मुद्रांक कायद्यानुसारचं मूल्य, जवळच्या गावातल्या तशाच जमिनींची सरासरी विक्री किंमत आणि काही प्रकल्पांत संमतीने ठरलेली रक्कम, यांतली सर्वाधिक रक्कम धरली जाते. सरासरीसाठी आधीच्या तीन वर्षांतली विक्रीखतं घेतात, आणि त्यातली जास्त किमतीची निम्मी मोजतात.

याचा सरळ अर्थ असा, की मुद्रांक शुल्क वाचवायला गावातल्या लोकांनी दस्तात किंमत कमी लिहिली, तर उद्या त्याच गावाची जमीन संपादित होताना सरासरी खाली येते. ज्या शेतकऱ्याने कधी एक गुंठाही विकला नाही, त्यालाही त्याचा फटका बसतो. मोठे प्रकल्प येत असलेल्या जिल्ह्यात हा धोका फक्त पुस्तकातला राहत नाही.

बुलेट ट्रेन आणि वाढवणचं काय?

मुंबई-अहमदाबाद हायस्पीड रेल्वेच्या महाराष्ट्रातल्या चार स्थानकांत बोईसर आहे. डहाणू तालुक्यातल्या सुमारे ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. या बंदराला स्थानिक मच्छीमारांचा विरोधही आहे. दोन्ही प्रकल्पांची नावं आज जवळपास प्रत्येक जाहिरातीत सापडतात.

तुलनात्मक विक्री पद्धत भविष्य सांगत नाही. पण बाजाराने या आशेची किती किंमत आधीच लावली आहे, ते ती दाखवते. घोषणेनंतर झालेल्या विक्रींमध्ये वाढ दिसत असेल, तर ती आपल्या हिशेबात आपोआप आलेली असते. त्यावर ‘बुलेट ट्रेन येणार’ म्हणून पुन्हा रक्कम चढवली, तर खरेदीदार एकाच गोष्टीचे दोनदा पैसे देतो.

घर किंवा जमीन मोठ्या रकमेची असेल, व्यवहार फार कमी झालेले असतील किंवा कुटुंबात वाटणी व्हायची असेल, तर नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घेणं योग्य. त्यालाही विचारता येतं की तुम्ही कोणते व्यवहार धरले आणि त्यात किती फेरफार केला. ज्या अहवालात ही दोन उत्तरं नसतील, त्यातल्या शेवटच्या आकड्यावर विसंबून टोकन देऊ नये.